आठ नंबर कोण?

शाहू स्टेडियमवर चारची मॅच असली की आप्पा साडेतीनला जागेवर असतात. पायरी ठरलेली, खाली पसरायचा पेपर ठरलेला, आणि मांडीवर शंभर पानी लांब वही. वहीला खाकी कव्हर घातलेलं, शाळेतल्यासारखं. समोर हलगी-घुमकं सुरू होतं, कुणीतरी झेंडा घेऊन वर चढतं, मागून शेंगदाणेवाला ओरडत जातो. आप्पा मान वर करत नाहीत. दोन्ही संघांचे अकरा-अकरा नंबर डाव्या बाजूला लिहून झाल्याशिवाय ते कुणाशी बोलत नाहीत. एकदा मी मध्येच "आप्पा, चहा?" विचारलं, तर म्हणाले, "पोरी, आधी माणसं मोजू दे."

आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांच्याकडे अशा वह्या किती आहेत ते त्यांनाही सांगता येत नाही. पोटमाळ्यावर दोन ट्रंका आहेत एवढं मी पाहिलंय. माझ्या आयुष्यातली पहिली बातमी मी या माणसाशेजारी बसून लिहिली. मास कम्युनिकेशनला अ‍ॅडमिशन त्यानंतर झाली.

बाहेरगावच्या मित्रमैत्रिणींना कोल्हापूरचा फुटबॉल समजावून सांगायचा म्हणजे विषय हार्ड आहे. त्यांना कोल्हापूर म्हणजे कुस्ती, मिसळ आणि चप्पल. तालीम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर लाल माती येते. ते बरोबरच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतल्या तालमी नावारूपाला आल्या. पण त्याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ काढले. त्यामुळे आमच्याकडे क्लबांची नावं युनायटेड आणि सिटी अशी नसतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ अशी असतात. नाही म्हणायला प्रॅक्टिस क्लबसारखं एखादं नाव इंग्रजी. दिवाळीनंतर सीझन सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे आमच्या भाषेत केएसएची लीग असते आणि तिच्या मागेपुढे चषक स्पर्धा. मध्ये काही वर्षं तर नायजेरियाहून आलेले खेळाडू पेठेतल्या खोलीत राहून तालमीकडून खेळत होते आणि गल्लीतल्या काकू त्यांना भाकरी-आमटी खाऊ घालत होत्या. नाद खुळा म्हणतात तो हा.

या नादाची दुसरी बाजूही आहे. ती लपवण्यात अर्थ नाही. मॅच संपल्यावर दगड पडतात, गाड्या फुटतात, पोलीस येतात, मॅच थांबते. त्याच्या बातम्या लगेच होतात, आणि व्हायलाच पाहिजेत. पण माझी तक्रार वेगळी आहे. मॅच नीट झाली, दोन सुंदर गोल झाले आणि सगळे गपगुमान घरी गेले, तर त्याचं वर्णन कोण लिहिणार? पेपरात जागा असते तेवढ्यात मोठ्या मॅचेस येतात. खालच्या गटातली, सकाळच्या उन्हात शे-दीडशे माणसांसमोर झालेली मॅच कुठे राहते?

ती आमच्या पानावर राहते.

आमचं पान म्हणजे ए-फोर कागद, पाठपोट, झेरॉक्स. दर सोमवारी निघतं, चाळीस प्रती. त्याला नाव नाही. नाव ठेवण्यावरून सुरुवातीला दोन महिने वाद झाला म्हणे. कुठल्याही तालमीकडे झुकणारं नाव दिलं तर दुसऱ्या तालमीत कागद फाडला जाईल, म्हणून शेवटी नावच दिलं नाही. हे पान तालमींच्या बाहेरच्या फळ्यांवर, चहाच्या गाड्यांवर, दोन-तीन सलूनमध्ये आणि एका सायकल दुकानात लागतं. लिहिणारे आम्ही सात जण आणि आमच्यात पाच तालमींचे सपोर्टर. आप्पा आहेत. गणित शिकवणारे एक सर आहेत. ते सगळ्यांचं शुद्धलेखन तपासतात आणि 'जबरदस्त' हा शब्द दिसला की खोडतात. एक रिक्षावाले दादा आहेत, पेनल्टीचं वर्णन त्यांच्यासारखं कुणालाच जमत नाही. इंजिनिअरिंगची दोन पोरं, एक मोबाइल दुरुस्तीवाला आणि मी. वर्गणी महिन्याला शंभर रुपये. मला विद्यार्थी म्हणून पन्नास.

मी यांच्यात कशी आले? बारावीत होते. भावाबरोबर मॅचला गेले होते, भाऊ मित्रांकडे पळाला आणि मी आप्पांच्या शेजारी येऊन बसले, कारण तिथे शिव्या कमी ऐकू येत होत्या. आप्पांनी बराच वेळ दुर्लक्ष केलं. मग डाव्या बाजूला कॉर्नर झाला आणि ते चष्मा पुसत होते. "कुणी मारला गं?" मी सांगितलं, "सात नंबरनं." त्यांनी लिहिलं आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, "नक्की सात?" मी म्हटलं, नक्की. पुढच्या रविवारी मी स्वतःहून तिथेच जाऊन बसले. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला एक पेन दिलं.

मुलगी म्हणून कुणी काही म्हटलं का, असं मला कॉलेजात हमखास विचारतात. पायरीवर नाही म्हटलं. घरी आम्ही पोरीसुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलतो, त्यामुळे असेल कदाचित, पण त्या सहा जणांत मी कुणी वेगळी आहे असं मला वाटलं नाही. म्हटलं गेलं ते दुसरीकडे. इंटर्नशिपसाठी मी आधी एका ठिकाणी गेले होते. ठिकाण कोणतं ते जाऊ दे. तिथे मी स्पोर्ट्स डेस्क मागितला. समोरच्यांनी माझी फाइल न उघडताच पाककृतींच्या पुरवणीचं नाव सुचवलं. त्या संध्याकाळी मी चहाच्या गाडीवर ही गोष्ट सांगितली तेव्हा सरांनी फक्त विचारलं, "फाइलमध्ये आपली पानं लावली होतीस?" मी हो म्हटलं. रिक्षावाले दादा म्हणाले, "मग त्यांचा लॉस."

आता ती गोष्ट, जी लिहायची म्हणून खरं तर मी हे पान संपादकांकडून मागून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतली मॅच. दोन्ही तालमींची नावं मुद्दाम लिहीत नाही, लिहिली तर उद्या ऑफिसात फोन येतील. खालच्या गटातली मॅच, शून्य-शून्य अशीच चाललेली. शेवटची पाच-सात मिनिटं. कॉर्नर झाला, गोलजाळीसमोर धूळ उडाली, दहा-बारा पोरं एकावर एक, आणि बॉल आत. माझ्या बाजूनं पाठ दिसली. आठ नंबर. माझ्या मोबाइलमध्ये संघाची यादी होती. यादीत आठ नंबरचं नाव होतं. आप्पा त्या दिवशी लांब बसले होते, ऊन लागतं म्हणून. मी घरी गेले आणि सव्वाशे शब्दांत मस्त वर्णन लिहिलं. आठ नंबरच्या पोरानं हवेत झेप घेऊन कसा हेडर मारला, वगैरे. सोमवारी पान लागलं.

मंगळवारी संध्याकाळी चहाच्या गाडीवर एक पोरगा आला. अठरा-एकोणीसचा असेल. हाताला काळं ग्रीस, उद्यमनगरमधल्या गॅरेजवरून थेट आला होता. हातात आमचं पान, चार घड्या घातलेलं. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, तो गोल माझा होता."

त्याचा नंबर अठरा. सत्तराव्या मिनिटाला बदली म्हणून आत आलेला. जर्सी जुनी होती, पाठीवरचा एकचा आकडा धुऊन धुऊन निघून गेला होता आणि राहिला होता नुसता आठ. मूळचा आठ नंबर तर त्याच्याच जागी बाहेर गेला होता. पूर्ण सीझनमध्ये त्या पोराला तीन वेळा आत घेतलं होतं आणि हा त्याचा एकमेव गोल. त्यानं घरी सांगितलं होतं. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी गल्लीतल्या कुणाला तरी फळ्यावरचं पान वाचून दाखवायला सांगितलं होतं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

"बाबा काय म्हणाले?" मी विचारलं. म्हणाला, "कायच नाही म्हणाले. जेवले आणि झोपले."

मी त्याला काहीबाही सांगायला लागले. धूळ होती, नंबर दिसत नव्हता, यादी जुनी होती. आप्पांनी पिशवीतून वही काढली. त्या मॅचच्या पानावर, गोलच्या रकान्यात लिहिलं होतं: ८, आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्याच्याखाली वेगळ्या शाईत: १८, गोलकीपरला विचारलं. म्हणजे लांबून त्यांनाही आठच दिसला होता. पण मॅच संपल्यावर ते मैदानाच्या कडेनं चालत गेले होते आणि त्यांनी विचारलं होतं. मी नव्हतं विचारलं. माझ्याकडे वर्णन तयार होतं.

मला वाटलं आता बोलणी बसणार. कुणी काही बोललं नाही, आणि ते जास्त लागलं. सरांनी पोराचं नाव कागदावर लिहून घेतलं, स्पेलिंग विचारावं तसं ऱ्हस्व-दीर्घ विचारून. मोबाइलवाल्यानं दुकान बंद केलं. त्या रात्री पान नव्यानं टाइप झालं. पहिल्याच ओळीत दुरुस्ती, मोठ्या अक्षरात. मी म्हटलं, माझं नाव घाला, चूक माझी आहे. सर म्हणाले, "आपण नावं घालतो का कधी? चूक पानाची." चाळीस प्रती परत काढल्या, पैसे सगळ्यांनी भरले, माझे पन्नास रुपये घेतले नाहीत. सकाळी सहा वाजल्यापासून सातही जण आपापल्या भागात जुनी पानं काढून नवी लावत फिरलो. ज्या तालमीचे आम्ही कट्टर विरोधक, तिच्या फळ्यासमोर रिक्षावाले दादा डिंकाची बाटली घेऊन उभे होते. एरवी त्या चौकातून ते रिक्षासुद्धा नेत नाहीत.

त्या पोराच्या गल्लीत आप्पा मला घेऊन गेले. वडील कामावर निघाले होते. आप्पांनी पान त्यांच्या हातात दिलं नाही, माझ्या हातात दिलं. "वाच." मी उभ्या उभ्या रस्त्यात वाचलं. पंच्याऐंशीव्या मिनिटाला वगैरे. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "हे मला ठेवायला मिळंल काय?"

जर्नलिझमच्या तीन वर्षांत 'अ‍ॅक्युरसी' या विषयावर मी दोन पेपर लिहिले आणि दोन्हींत मार्क बरे पडले. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

मागच्या सेमिस्टरला आम्हाला स्पोर्ट्स जर्नलिझममध्ये बेसबॉल आला. वर्गात सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे. 'मनीबॉल' पाहिलेले चार जण सोडले तर कुणाला काही गम्य नव्हतं. पण मला त्यातली माणसं ओळखीची वाटली. बेसबॉलमध्ये मॅचचा सगळा हिशेब एका छोट्या तक्त्यात मांडायची पद्धत आहे, बॉक्स स्कोअर. ती एकोणिसाव्या शतकात रुजवली हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकारानं. हा मूळचा इंग्लंडमधला आणि क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा, त्यामुळे क्रिकेटचा धावफलक त्याच्या डोक्यात पक्का होता. मग बिल जेम्स. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात, डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात हा रात्रपाळीचा वॉचमन होता. रात्रभर बसून बेसबॉलचे आकडे मांडायचा. १९७७ साली त्यानं स्वतःच्या खर्चानं त्याचं पुस्तक काढलं. प्रती खपल्या सत्तर-पंचाहत्तर. म्हणजे आमच्या पानाच्या दुप्पटसुद्धा नाहीत! त्याच माणसाला पुढे बोस्टन रेड सॉक्स या संघानं सल्लागार म्हणून नेमलं आणि २००४ मध्ये तो संघ ८६ वर्षांनी विजेता झाला. त्याच्या लिखाणामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, मैदानात खेळणारी पोरं वेगळी होती. पण पंचाहत्तर प्रती वाचणारे ते कोण असतील, याचा विचार मी बराच वेळ करत होते. १९७१ मध्ये कूपर्सटाउन या गावात असेच सोळा जण जमले आणि त्यांनी बेसबॉलच्या जुन्या नोंदी शोधणाऱ्यांची संस्था काढली. सोळा! आमच्यात अजून नऊ आले की झालं.

मराठीतही ही परंपरा आहेच की. वि. वि. करमरकरांनी मराठी पेपरात खेळाला मानाची जागा मिळवून दिली, हे आमच्या सरांचं लाडकं वाक्य. आणि द्वारकानाथ संझगिरी तर मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते. नोकरी सांभाळून क्रिकेटवर लिहीत राहिले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा आमच्या गाडीवर त्या दिवशी फुटबॉलवर कुणी बोललं नाही. मोबाइलवाल्यानं सांगितलं की त्याला वाचायची सवय त्यांच्यामुळे लागली.

हे आठवण्याचं कारण म्हणजे, लोकांना वाटतं फॅन म्हणजे ओरडणारा. कोल्हापुरात वर्ल्डकप आला की ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आणि चौकाचौकांत भलेमोठे कटआउट लागतात. त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. आपलाच अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा अख्खं गाव टीव्हीसमोर होतं. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पोरगा दिल्लीच्या मैदानावर अमेरिकेविरुद्ध उतरला! तीन गोलनी हरलो त्या दिवशी, पण आमचे रिक्षावाले दादा अजून ती मॅच जिंकल्यासारखी सांगतात. मी तेव्हा शाळेत होते. तो आवाज, ती हलगी मलाही आवडते. मी स्वतः माझ्या तालमीच्या मॅचला घसा बसेपर्यंत ओरडते. पण ओरडून झाल्यावर घरी जाऊन दोन्ही बाजूंचं लिहायचं, आपल्या पोरानं फाऊल केला तर फाऊल लिहायचा, समोरच्यानं कमाल गोल मारला तर तोही लिहायचा, हे मला या सहा जणांनी शिकवलं. वर्गात त्याला ऑब्जेक्टिव्हिटी म्हणतात. आमच्याकडे फक्त एवढं सांगतात की वाचणाऱ्याला तू कुठल्या पेठेतली ते कळता कामा नये.

थँक्यू वगैरे म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी एकदा म्हटलं होतं, सगळे ऑकवर्ड झाले आणि दादांनी विषय पेट्रोलच्या भावावर नेला. म्हणून इथे छापून घेतेय. छापलेलं त्यांना वाचावंच लागेल. सर शुद्धलेखनासाठी तरी नक्की वाचणार.

या पुरवणीतली माझी इंटर्नशिप महिनाअखेर संपतेय. पुण्याला एका ठिकाणी मुलाखत आहे. झालं तर जावं लागेल. गाडीवर सांगितलं तेव्हा इंजिनिअरिंगच्या पोरांनी लगेच हिशेब मांडला की रविवारची पहाटेची एसटी पकडली तर दुपारच्या मॅचला पोहोचता येतं. आप्पा काहीच बोलले नाहीत. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे.

गेल्या रविवारी मी पोहोचले तेव्हा पेपर पसरलेला होता आणि वही माझ्या जागेवर ठेवलेली. नवीन वही, कव्हर घातलेलं. आप्पांच्या डोळ्यांवर तो काळा चष्मा. "लिही," म्हणाले, "मी ऐकतो." मी डाव्या बाजूला अकरा नंबर लिहिले, मग दुसरे अकरा. शिट्टी झाली. पंधरा-वीस मिनिटं मी त्यांना सांगत होते, बॉल कुठे आहे, कोण पळतंय. मग उजव्या बाजूनं एक पोरगा असा काही सुटला की सगळा स्टँड उठला. बॉल बारला लागून बाहेर गेला.

"कोण होता?" आप्पांनी विचारलं.

"आठ नंबर."

"आठ कोण?"

मी यादी पाहिली. मग मैदानाकडे पाहिलं. तो पाठमोरा होता आणि शर्ट चुरगळलेला.

"हाफ टाइमला विचारून येतो," मी म्हटलं आणि आठच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं.